ट्रेकचा चाकू: पातं जाड असावं की पातळ?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पाच मिलिमीटर जाड पात्याचा जो चाकू तुम्हाला भेट मिळाला आहे, तोच सह्याद्रीतल्या मुक्कामी ट्रेकना न्यावा, की ग्रुपमधली जुनी मंडळी सांगतात तसा दोन-अडीच मिलिमीटरचा पातळ चाकू वेगळा घ्यावा? आणि पातळ पातं इतकं कामाचं असेल, तर जाड पात्यांच्या मागे एवढे लोक का लागतात?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. पातळ घ्या. लाकूड फोडायची वेळ येणार असेल तर त्यासाठी कोयता असू द्या. भेट मिळालेला चाकू मात्र विकू नका, त्याचं काय करता येईल ते शेवटी सांगतो. मी शिबिरं आणि ट्रेक चालवतो, पोरांना चाकू हाताळायला शिकवतो आणि धार लावायला लोकांचे चाकू माझ्याकडे येत असतात. त्यामुळे कुठलं पातं कशाने झिजतं, कुठे चिरतं आणि कुठलं म्यानातून बाहेरच येत नाही, हे रोज डोळ्यांसमोर असतं.

आधी हे बघू की ट्रेकवर चाकू करतो काय. कांदा-बटाटा-टोमॅटो चिरणं. खिचडीच्या मसाल्याची पाकिटं फोडणं. काकडी, लिंबू, पाव. ताडपत्रीला बांधायची सुतळी किंवा नायलॉनची दोरी कापणं. पायाला फोड आला की चिकटपट्टी बेताने कापणं. तंबूची खुंटी हरवली तर काठीचा तुकडा तासून खुंटी करणं. पेटवणासाठी वाळक्या काटकीची साल काढून बारीक झिलप्या पाडणं. शंभरातली नव्वद कामं या यादीत बसतात, आणि यातलं एकही काम जाड पात्याने जास्त चांगलं होत नाही. बहुतेक कामं वाईटच होतात.

का ते बघायचं असेल तर घरीच एक गाजर घ्या, चांगलं जाडजूड. पातळ पात्याचा चाकू वरून ठेवून सरळ खाली दाबा. तो आवाज न करता खालपर्यंत जातो आणि चकती पाटावर पडते. आता तुमचा पाच मिलिमीटरचा चाकू लावा. धार कितीही तीक्ष्ण असली तरी पातं थोडं आत गेलं की हाताला एकदम अडथळा लागतो. जोर वाढवला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाजर पात्याच्या पुढे फुटून दोन तुकडे होतात. तुकड्यांची आतली बाजू निरखून पाहा. वरचा भाग गुळगुळीत कापलेला असेल आणि खालचा खरबरीत, तडकलेला. कापण्याचं काम वरच्या भागातच संपलं. तिथून पुढे पाचर ठोकून गाजर फोडलं गेलं. फणसाच्या कुयरीवर किंवा लाल भोपळ्यावर हेच करून बघितलं तर फरक आणखी ठळक दिसतो, कारण तिथे जाड पातं फोडूही शकत नाही, नुसतं अडकून बसतं.

याचं गणित साधं आहे. ओपिनेल नावाचा फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला घडीचा चाकू आहे, १८९० पासून बनतोय. त्याच्या आठ नंबरच्या चाकूचं पातं पाठीकडेही दोन मिलिमीटरच्या आत असतं आणि तिथून धारेपर्यंत सलग निमुळतं होत जातं. गाजरात एक सेंटिमीटर आत गेल्यावर त्या जागी पात्याची जाडी साधारण एक मिलिमीटर असते. तुमच्यासारख्या पाच मिलिमीटरच्या पात्याचा उतार बहुतेक वेळा पाठीपासून सुरू होतच नाही. अर्ध्या रुंदीपर्यंत पोलाद पूर्ण जाड ठेवलेलं असतं आणि खालच्या बारा-तेरा मिलिमीटरमध्ये घाईघाईने धारेकडे उतरवलेलं असतं. तिथे एक सेंटिमीटरवर जाडी चार मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे गाजराला तेवढ्याच खोलीत चौपट बाजूला सरकायचं आहे. धार सारखीच असली तरी हात सांगतो की एक चाकू कापतोय आणि दुसरा ढकलतोय.

म्हणूनच दुकानाच्या पानावर लिहिलेली जाडी हा अर्धाच आकडा आहे. ती पाठीची जाडी असते. कापताना महत्त्वाची असते ती धारेच्या लगत मागची जाडी, म्हणजे धारेचा शेवटचा बारीक उतार जिथे सुरू होतो तिथली. व्हर्नियर कॅलिपर असेल तर तिथे मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर चाकू भाजीत पळतो. एक मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो कितीही महागाच्या पोलादाचा असो, तुम्हाला दमवणारच. पाठ चार मिलिमीटर असूनही पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार दिलेला रुंद चाकू बऱ्यापैकी कापतो, आणि पाठ तीनच मिलिमीटर असून धारेमागे गच्च ठेवलेला चाकू कापत नाही. असे दोन्ही प्रकार माझ्याकडे धारेला येतात, आणि मालकाची तक्रार दुसऱ्याबद्दलच असते.

स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंचं उदाहरण यासाठी शिकण्यासारखं आहे. तिथे पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच उतार असतो, तो मधूनच सुरू होतो आणि सरळ धारेला जाऊन मिळतो. वेगळा बारीक उतार नसतो. याला स्कँडी म्हणतात. या पद्धतीत पातं अडीच मिलिमीटर असेल आणि दोन्ही उतारांमधला कोन तेवीस अंशांच्या आसपास असेल, तर उताराची उंची सहा मिलिमीटरच्या थोडी वर येते. लाकूड तासताना हा सहा मिलिमीटरचा सपाट उतार लाकडावर टेकतो आणि कोन आपोआप सांभाळतो. नवशिक्या पोरांच्या हातूनही पहिल्याच दिवशी खुंटीला नीट टोक निघतं. तोच कोन पाच मिलिमीटर पात्याला द्यायचा तर उतार बारा मिलिमीटरच्या वर न्यावा लागेल, आणि इतका मोठा उतार दगडावर सपाट घासून धार लावायला कुणाला सवड असते? म्हणून बनवणारे कोन वाढवतात, आणि तिथे चाकू बोथट व्हायला सुरुवात होते. तो कंपनीतून नवा निघालेला असला तरी. मोराचा कंपॅनियन नावाचा साधा चाकू अडीच मिलिमीटरचा आहे. त्यांनी जड कामासाठी वेगळा केलेला कंपॅनियनही ३.२ मिलिमीटरवर थांबतो. थंड जंगलात लाकडावरच जगणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं वापरून ठरवलेले हे आकडे आहेत, ते मी फार गांभीर्याने घेतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण आकर्षण समजलं नाही तर माणूस पातळ चाकू घेतो, सहा महिन्यांनी त्यावरचा भरवसा उडतो आणि पुन्हा जाड घेतो.

जाड पातं हातात घेतलं की भरवसा वाटतो. हे खोटं नाही. वजन मुठीच्या पुढे जातं, बोटांना पोलाद जाणवतं, पाठीवर अंगठा ऐसपैस बसतो. १२ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद पट्टी पाच मिलिमीटर जाड असेल तर उतार काढण्याआधी तिचं वजन सुमारे १४० ग्रॅम भरतं, अडीच मिलिमीटरची असेल तर त्याच्या निम्मं. हा सत्तर ग्रॅमचा फरक हाताला लगेच कळतो आणि डोक्यात त्याचा अर्थ ‘हे तुटणार नाही’ असा लागतो. चाकू घेणारा माणूस दुकानात गाजर कापून बघत नाही. तो हातात धरून बघतो, फोटो बघतो, पाठीवरून बोट फिरवतो. त्या क्षणी जाड पातं नेहमीच जिंकतं.

त्यात सैनिकी चाकूंची छाया आहे. १९८० च्या दशकापासून जगभर जगण्या-मरण्याच्या प्रसंगातल्या चाकूची जी प्रतिमा पसरली, तिच्यात जाडी म्हणजे कणखरपणा असं समीकरण बसलं. पण खुद्द दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांसाठी आलेला का-बार चाकू जेमतेम चार मिलिमीटरचा होता. पातं सात इंच लांब, पॅसिफिकमधल्या बेटांवर खोकी फोडण्यापासून खंदक खणण्यापर्यंत सगळं काम त्याने केलं. आज बाजारात छंदी लोकांसाठी जे जाड चाकू मिळतात, त्यांतला बेकर बीके-२ हा पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर जाड आहे आणि म्यान सोडून जवळपास अर्धा किलो भरतो. पातं फक्त सव्वापाच इंच. युद्धावर गेलेल्या चाकूपेक्षा दीडपट जाड चाकू शनिवार-रविवारच्या मुक्कामाला लागतो, ही गरज डोंगराने निर्माण केलेली नाही.

तरी तुटण्याची भीती अगदीच निराधार नाही, तेव्हा तिच्याकडे नीट बघू. पोलादाची पट्टी दुप्पट जाड केली तर ती तेवढीच वाकवायला आठपट जोर लागतो आणि कायमची वाकेपर्यंत ती चौपट भार घेते. हे जाड पात्याच्या बाजूचं खणखणीत गणित आहे. पण त्याची दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगतं. दोन्ही पट्ट्या सारख्याच वाकवल्या, तर जाड पट्टीच्या पृष्ठभागावर ताण दुप्पट पडतो. म्हणजे पातळ पातं लवतं आणि परत सरळ होतं, तिथे जाड पातं लवत नाही आणि हद्द ओलांडली की एकदम जातं. मासे सोलायची लवचीक सुरी चांगलीच वाकून परत येते ती याच कारणाने. फटीत घालून पिळणं, डबा उचकटणं, दगड सरकवणं यासाठी जाड पातं बरं, हे कबूल. पण ही कामं कुठल्याच चाकूची नव्हेत.

माझ्याकडे येणारे मोडके चाकू पाहिले तर पात्याच्या मधोमध तुटलेला चाकू अपवादानेच दिसतो. टोकं उडालेली असतात, उचकटल्यामुळे. मुठीच्या आत मोडलेले असतात, कारण मुठीत जाणारं पोलाद अरुंद ठेवून तिथे काटकोनी खाच पाडलेली असते आणि तडा त्या कोपऱ्यातून सुरू होतो. किंवा धारेचे कपचे उडालेले असतात, कारण पोलादाला पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, जास्त दिलेलं असतं. या तिन्हींवर पाठीच्या जाडीचा इलाज चालत नाही. पाच मिलिमीटरचा चाकू मुठीत खाचेपाशी मोडला तर तो पाच मिलिमीटरचा तुकडा असतो, एवढंच.

जाडी खरोखर उपयोगी पडते ती दोन ठिकाणी.

एक म्हणजे बॅटनिंग. चाकू ओंडक्याच्या टोकावर ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत ठोकत ओंडका उभा चिरायचा. इथे पाचर हवीच. पातळ पातं लाकडात शिरतं पण फट उघडत नाही, लाकूड पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतं आणि मग ते सोडवताना लोक मूठ हलवून पातं पिळतात. चार-पाच मिलिमीटरचं पातं फट उघडत पुढे जातं. पावसात बाहेरून भिजलेलं लाकूड चिरून आतलं कोरडं काढायचं असेल, तर ही युक्ती जीव वाचवणारी ठरू शकते. मनगटाएवढ्या लाकडापर्यंत अडीच-तीन मिलिमीटरचा मोराही हे करतो, फक्त गाठ नसलेला भाग बघून, धार लाकडाला आडवी न पिळता.

दुसरी जागा म्हणजे जिथे माणसाला निवड करायची संधीच नसते. स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांना १९९५ पासून दिला जाणारा फालक्निवेन कंपनीचा एफ-१ चाकू साडेचार मिलिमीटर जाड आहे. विमानातून बाहेर पडलेल्या माणसाकडे कुऱ्हाड नसते, कोयता नसतो, गावही नसतं. कंबरेला आहे त्या एकाच पात्याने फांद्या तोडायच्या, लाकूड फोडायचं, बर्फ खरवडायचा. तिथे तडजोड जाडीकडे झुकते आणि ती योग्यच आहे. त्या चाकूची धारही विचार करून दिलेली आहे. उतार किंचित फुगीर ठेवला आहे, त्यामुळे धारेमागे जोर राहतो आणि लाकूड पात्याला चिकटत नाही. हा चाकू मला मनापासून आवडतो. पण हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून चढणाऱ्या माणसाची परिस्थिती वैमानिकाची नसते. त्याच्या पाठीवर स्टोव्ह असतो आणि तासा-दीड तासावर गाव असतं.

आणि त्या गावात कोयता असतो. इथे मला थोडं थांबायचंय, कारण जाड की पातळ या वादाचं आपल्या मातीतलं उत्तर तिथेच आहे.

कोकणातला माणूस रानात जाताना कंबरेला आकडी बांधतो आणि आकडीत कोयती अडकवतो. नारळ सोलणं, कवळं म्हणजे पानांच्या डहाळ्या तोडणं, कुंपणाची काठी छाटणं, सरपण फोडणं ही कामं ती जड, पुढे वाकलेली कोयती करते. पण त्याच माणसाला घरी मासळी कापायची असेल तर तो कोयतीला हात लावत नाही, तिथे विळी असते. एका पात्यात सगळं बसवायचा हट्ट नाही. घाटावरचा ऊसतोडीचा कोयता बघितला तर तोही कोकणी कोयतीपेक्षा हलका आणि पातळ, कारण दिवसभर हात चालवायचा आणि ओला, रसदार ऊस वेगाने कापायचा. जगभर हेच दिसतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला मॅचेटी गवत, वेली आणि ऊस यांच्यासाठी असतो आणि दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. मलाय द्वीपकल्पातला पारांग टणक लाकडाच्या जंगलासाठी, म्हणून पाठीला चांगला जाड. म्हणजे तोडायची हत्यारंसुद्धा सगळी जाड नसतात. समोर काय कापायचंय त्यावरून जाडी ठरते.

एखाद्या गावात लोहार काम करताना दिसला तर तासभर बसा. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून तो कोयता काढतो. ते स्प्रिंगचं पोलाद असतं, लवून परत येणं हा त्याचा स्वभावच. कोयता वर्षानुवर्षं पाजवला की धार झिजत झिजत वर, पात्याच्या जाड भागात सरकते. मग दगडावर कितीही घासा, धार तीक्ष्ण होते पण कोयता चालत नाही. तेव्हा शेतकरी तो शेवटायला देतो. लोहार भात्यावर पातं लाल करतो, ऐरणीवर फक्त धारेकडच्या बोटभर पट्टीवर हातोडा चालवतो, आणि बघता बघता ती पट्टी पसरून पातळ होते. पाठ आहे तशी. मग घासून, पुन्हा तापवून नुसती धार पाण्यात बुडवायची, पाठ मऊच ठेवायची. पाठीला भार सोसायचा आहे, धारेला कापायचं आहे, आणि दोघींना वेगवेगळी वागणूक हवी, हे त्या लोहाराच्या हाताला पक्कं माहीत असतं. धारेमागची जाडी म्हणजे काय हे मला कुठल्याही तक्त्यापेक्षा या कामातून जास्त समजलं.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला असा. कंबरेला किंवा सॅकच्या वरच्या कप्प्यात अडीच-तीन मिलिमीटरचा, दहा सेंटिमीटरच्या आसपास पात्याचा, घडी न होणारा चाकू. खिशात हवा असेल तर घडीचा पातळ चाकू. लाकडाचं काम करायचं असेल तर मुक्कामाच्या गावात यजमानाकडे कोयता मागा आणि जमलं तर त्यालाच फोडू द्या, त्याचा हात बघण्यासारखा असतो. बऱ्याच ठिकाणी लाकडाचा प्रश्नच येत नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई अभयारण्यात येतो, भीमाशंकरही अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अभयारण्यात लाकूड तोडायला आणि आग पेटवायला बंदी आहे. स्टोव्ह न्या. ओंडके फोडायचे नसतील तर जाड पात्याचं एकमेव मोठं कामही संपलं.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर साध्या कार्बन पोलादाला रात्रीत गंज धरतो, म्हणून पहिला चाकू स्टेनलेस घ्या. लाकडी मुठीचा घडीचा चाकू भिजला की मूठ फुगते आणि पातं खाचेत आवळून बसतं, नखाने उघडत नाही. मुठीला आधीच जवसाचं तेल मुरवून ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो. चामड्याचं म्यान पावसात नेऊच नका, ते ओलं राहतं आणि आतल्या पात्याला खातं. प्लास्टिकचं म्यान, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं, सगळ्यात बरं.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण जाड चाकू बहुधा मोठेही असतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं असलेले चाकू शस्त्रांच्या यादीत धरले आहेत. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक किंवा शास्त्रीय कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. तुमचा चाकू या मापांच्या आत असला तरी महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी शस्त्रं बाळगायला बंदीचे आदेश काढतात, सणावारांच्या आणि निवडणुकीच्या काळात तर हमखास. म्हणून शहरात, एसटीत, लोकलमध्ये चाकू कंबरेला लावून फिरू नका. म्यानात घालून, कपड्यात गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा आणि पायवाट सुरू झाल्यावर काढा. कोयता शहरातून नेणं तर टाळाच. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयत्याचे जे गुन्हे झाले, त्यानंतर तिथे पोलिसांची नजर त्यावर असते आणि ते बरोबरच आहे.

आता तुमचा भेटीचा चाकू. पाठीला हात लावायची गरज नाही, धारेमागे तो पातळ करायचा आहे. लोहार हातोड्याने करतो तेच आपण दगडाने करायचं. तापवायचं मात्र नाही, कारण कारखान्यातून दिलेलं पाणी उतरेल. त्यासाठी विजेच्या ग्राइंडरवर नेऊ नका. साधं कार्बन पोलाद घासताना तापून निळं पडलं तर तिथे ते तीनशे अंशांच्या आसपास गेलं असं समजायचं, आणि त्या निळ्या जागी धार पुन्हा टिकत नाही. स्टेनलेस उशिरा रंग बदलतं, म्हणून तिथे रंगाची वाटही बघू नका.

१२० ते २२० नंबरचा भरड दगड घ्या, नाहीतर पाण्यात चालणारा तेवढ्याच नंबरचा पॉलिश पेपर जाड काचेवर चिकटवा. पात्याचा मोठा उतार मार्करने काळा करा. आता पातं दगडावर जवळजवळ आडवं टेकवा, नेहमी धार लावताना धरता त्याच्या निम्म्या कोनात, आणि भरपूर पाणी ठेवून घासा. शाई कुठून निघतेय ते बघत राहा. ती धार आणि मोठा उतार यांच्या मधल्या खांद्यावरून निघाली पाहिजे, धारेच्या अगदी कडेवरून नको. दोन्ही बाजूंना सारखे हात मारा, वीस-वीसच्या पाळ्या केल्या की पातं एका बाजूला झुकत नाही. मध्येमध्ये कॅलिपर लावा. एक मिलिमीटरवरून साठ-सत्तर शतांश मिलिमीटरवर आणायला एक-दोन संध्याकाळी जातील, आणि बोटं काळी होतील. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली या चाकूला नेऊ नका. त्याची पाठ जड आहे, कधीतरी तुम्ही त्याने लाकूड ठोकणारच, तेव्हा धारेमागे थोडं पोलाद असू द्या. मग हजार नंबरच्या दगडावर दर बाजूला अठरा-वीस अंशांनी धार लावा आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर चार-सहा वेळा ओढा.

त्यानंतर पुन्हा एक गाजर कापून बघा. तो ओपिनेलसारखा जाणार नाही, पण ‘टक्’ आवाज बराच खाली, चकती संपता संपता येईल. तिथेच थांबा. काळा लेप असलेला चाकू असेल तर घासलेल्या पट्टीवरचा लेप गेलेला असेल. पावसाळ्यात त्या पट्टीला खोबरेल तेलाचं बोट फिरवून मगच म्यानात घाला.